कापसाच्या वाटेने आलेला खर्ज

धामणगाव रेल्वे या गावाच्या नावातच त्याचा इतिहास आहे. नागपूरकडे निघालेले जीआयपी रेल्वेचे रूळ १८६० च्या दशकात तिथे पोचले आणि बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव, वर्धा ही स्टेशनांची माळ कापसाची वाट झाली. यवतमाळला स्वतःची गाडी मिळण्यापूर्वी तिकडचा कापूस बैलगाड्यांनी धामणगावला यायचा. इथे जिनात सरकी वेगळी व्हायची, प्रेसमध्ये रुईच्या गठाणी बांधल्या जायच्या आणि वाघिणी भरून माल मुंबईला जायचा.

वऱ्हाडात रूळ पडले त्या वर्षांत जगात आणखी काय चाललं होतं, तेही लक्षात घेतलं पाहिजे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. दक्षिणेकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि साऱ्यांची नजर हिंदुस्थानच्या काळ्या मातीकडे वळली. त्या युद्धाच्या मुळाशी गुलामगिरी होती. मिसिसिपीच्या काठी कापूस वेचणारे हात गुलामांचे होते. युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली, आणि त्या वेचणाऱ्यांच्या मुला-नातवंडांनी पुढे जॅझ नावाचं संगीत घडवलं. युद्धानंतर जेमतेम सत्तर वर्षांनी ते संगीत मुंबईत उतरलं. ज्या हॉटेलात ते उतरलं ते बांधणारे जमशेटजी टाटाही कापसातलेच. त्यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली, कारण कापूस तिथे हाताशी होता. ताजमहाल हॉटेल उघडलं ते १६ डिसेंबर १९०३ रोजी. वऱ्हाड-नागपूरचा कापूस, मुंबईचा पैसा आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत या तीन गोष्टी एका नाचघरात भेटल्या, त्या भेटीची ही हकिगत आहे. ती मी बँडच्या मागच्या रांगेतून सांगणार आहे, कारण तिथे उभा असलेल्या डबल बेसवाल्याकडे इतिहासाने फारसं पाहिलेलं नाही.

ताजमधला बँड

१९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आला. कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा पूर्ण बँड मुंबईत मुक्काम ठोकून वाजवतो आहे, हे शहराला नवीन होतं. त्याच्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. तोवर मुंबईतले नाचाचे बँड विलायती साच्यातलं, कागदावर लिहिलेलं संगीत नीटनेटकं वाजवत होते. या मंडळींनी त्याच सुरांना झोका दिला. गोवेकर, पारशी आणि अँग्लो-इंडियन वादक ते ऐकायला जात, त्यांच्याबरोबर बसत आणि शिकत.

हा झोका येतो कुठून? बिग बँडमध्ये साधारण पंधरा-सोळा वादक असतात. पुढे सॅक्सोफोन, त्यांच्यामागे ट्रॉम्बोन आणि ट्रंपेट, बाजूला पियानो, गिटार, ड्रम आणि डबल बेस. पितळी वाद्यांचा लखलखाट डोळ्यांत आणि कानांत भरतो, पण नाचणाऱ्याचं पाऊल उचलतो तो बेस. सुरुवातीच्या काळात हे काम ट्यूबा करायचा. फुंकून वाजवायचं वाद्य असल्यामुळे श्वासासाठी थांबावं लागे, म्हणून बहुधा मात्रा सोडून मात्रा वाजे. १९२० च्या दशकाच्या शेवटी ट्यूबाची जागा तारांच्या डबल बेसने घेतली. बोटांना श्वास घ्यावा लागत नाही. कॅन्सस सिटीच्या वॉल्टर पेजने प्रत्येक मात्रेवर एक सूर, चारही मात्रा सारख्या वजनाने, आणि सूर एकापुढे एक पाऊल टाकत चाललेले, अशी चाल पक्की केली. काउंट बेसीचा बँड त्याच चालीवर उभा राहिला.

हिशेब करून पाहा. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली तर तीन मिनिटांच्या तबकडीच्या एका बाजूला बेसवाल्याला ४८० वेळा तार ओढावी लागते. त्या काळात तारा आतड्याच्या असत, जाड आणि खरखरीत, ॲम्प्लिफायर नव्हता. पंधरा जणांच्या गदारोळातून आवाज पोचवायचा तर तर्जनीच्या बाजूचं मांस तारेत रुतवून खेचावं लागे. आधी फोड येत, मग घट्टा पडे. रात्री चार-चार तास हे चाले. एक मात्रा मागे पडली तर अख्खा बँड जड होतो आणि एक पुढे गेली तर नाचणारे अडखळतात. हे काम बरोबर झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि चुकलं तर सगळ्यांच्या येतं.

व्हिक्सबर्गचा मुलगा

अशा वादकाचं आयुष्य कसं असतं हे पाहायचं तर मिल्ट हिंटनकडे पाहावं. त्याचा जन्म १९१० साली मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्सबर्ग गावी झाला. धामणगावासारखंच हेही कापसाच्या मुलखातलं गाव, फक्त शेजारी वर्धेऐवजी मिसिसिपी नदी. त्याची आजी गुलाम म्हणून जन्मली होती. लहानपणी त्याने एका कृष्णवर्णीय माणसाला जमावाने मारून झाडाला टांगलेलं पाहिलं. लाखो माणसं त्या काळात दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांकडे निघाली, त्यांत त्याचं कुटुंबही शिकागोला गेलं.

तिथे तो व्हायोलिन शिकला. मूकपटांच्या थिएटरांत व्हायोलिनवाल्यांना काम मिळे. तो त्यात तयार होतो न होतो तोच बोलपट आले आणि ती कामं गेली. मग त्याने ट्यूबा धरला आणि तिथून डबल बेस. १९३६ मध्ये तो कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये शिरला आणि १९५१ पर्यंत राहिला. हा त्या काळातला अमेरिकेतला फार नावाजलेला बँड, तरीही दक्षिणेत गेल्यावर वादकांना हॉटेलात खोली मिळत नसे, खाणावळीत जेवण मिळत नसे. म्हणून कॅलोवे आपल्या माणसांसाठी आगगाडीचा स्वतंत्र डबा घेई आणि तोच त्यांचं घर होई.

हिंटनच्या हातात एक छोटा कॅमेरा होता. झोपलेले सोबती, स्टेशनवर ताटकळणारे सोबती, रेकॉर्डिंगच्या मधल्या सुट्टीतले सोबती, सगळ्यांचे फोटो त्याने काढले. अटलांटाच्या रेल्वे स्टेशनवर काळ्यांसाठी वेगळ्या प्रवेशद्वाराची पाटी होती, तिच्याखाली उभे असलेले त्याचे मित्र त्याच्या फोटोत आहेत. २००० साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो गेला तेव्हा मागे हजारो निगेटिव्ह होत्या. आज अमेरिकन जॅझचा रोजचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे तो बराचसा मागच्या रांगेतल्या या बेसवाल्यामुळे. बँड चालत असताना त्यालाच सगळ्यांच्या पाठी दिसत असत.

त्याच पिढीतला जिमी ब्लँटन १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये आला. डबल बेसवर स्वतंत्र राग आळवावा तशी धून फुलवता येते हे त्याने दाखवलं. क्षयाने १९४२ मध्ये तो गेला तेव्हा त्याचं वय २३ होतं. दोन-अडीच वर्षांच्या कामात त्याने वाद्याची किंमत बदलून टाकली.

गोव्याहून धोबी तलावाला

मुंबईच्या बँडांत प्रामुख्याने गोव्याची माणसं होती. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांमधून मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. प्रार्थनेच्या संगीतासाठी व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि व्हायोलिनचा हा धिप्पाड भाऊ डबल बेस गावोगावी परिचयाचे होते. शेती थोडी, नोकऱ्या त्याहून थोड्या. लिपी वाचता येणारा पोरगा मुंबईची वाट धरी. धोबी तलाव, गिरगाव भागात गावागावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांचे सामायिक मुक्काम, होते. एका पेटीपुरती जागा, भिंतीवर गावच्या संताची तसबीर, रात्री रोझरी आणि काम मिळेपर्यंत आधार. संस्थानिकांचे बँड, पोलिसांचे आणि पलटणींचे बँड, मूकपटांची थिएटरं, बोटी आणि हॉटेलं, जिथे काम तिथे ही माणसं जात.

हळदोण्याचा अँतोनियो शाविएर वाझ याच वाटेने आला आणि चिक चॉकलेट या नावाने ट्रंपेटवर गाजला. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड ट्रंपेट वाजवता वाजवता संगीतरचनेकडे वळला. मोंबासात जन्मलेला आणि कराचीत वाढलेला मिकी कोरिया १९३९ पासून वीसेक वर्षं ताजमधला बँड चालवत होता. रूडी कॉटन हा सॅक्सोफोनवाला मूळचा कावसजी खटाव, म्हणजे पारशी. या साऱ्यांच्या मागे कुणी ना कुणी बेस धरून उभा होता. जाहिरातीत बँडप्रमुखाचं नाव छापलं जाई, फोटोत बेसवाल्याचा अर्धा चेहरा वाद्याच्या मानेआड जाई.

या वादकांचं वर्ष ऋतूंप्रमाणे विभागलेलं असे. उन्हाळ्यात मसुरी, सिमला, दार्जिलिंग. हिवाळ्यात कलकत्ता आणि मुंबई. मुंबईहून कलकत्त्याला जाण्याच्या दोन मोठ्या वाटांपैकी नागपूरवरून जाणारी वाट आपल्या वऱ्हाडातून जाते. भुसावळ, अकोला, बडनेरा, धामणगाव, वर्धा करत मेल पुढे जायची. भुसावळ, नागपूर यांसारख्या मोठ्या रेल्वे वसाहतींत इन्स्टिट्यूट नावाचे क्लब होते, तिथे शनिवारी लाकडी फ्लोअरवर नाच होत आणि बँड वाजत. ट्रंपेट बाकाखाली सरकवता येतो. सहा फुटी डबल बेस कुठे ठेवणार? ब्रेकव्हॅनमध्ये दिला तर मान मोडायची भीती, डब्यात आणला तर सहप्रवाशांची विनवणी. वऱ्हाडातला कोरडा उन्हाळा आणि मुंबईचा दमट पावसाळा दोन्ही या वाद्याचे वैरी. लाकूड आक्रसलं की सांधे सुटतात, आतड्याची तार ओल धरली की सूर हलतो. गाडीतून उतरल्यावर बेसवाल्याचा पहिला तास वाद्याची समजूत काढण्यात जाई.

दुसऱ्या महायुद्धात हा धंदा जोरात आला. कलकत्ता सैनिकांनी भरलं होतं. तिथल्या ग्रँड हॉटेलात वेदरफर्डचा बँड वाजत होता. त्यात अमेरिकन, बर्मी, गोवेकर, अँग्लो-इंडियन असे सगळे खांद्याला खांदा लावून बसत. नेपाळी ट्रंपेटवादक पुष्कर बहादूर, म्हणजे जॉर्ज बँक्स, त्यांच्यातलाच; त्याचाच मुलगा पुढे पियानोवादक लुई बँक्स म्हणून देशभर नावाजला. एप्रिल १९४५ मध्ये कॉलऱ्याने वेदरफर्डला नेलं. दोन वर्षांनी इंग्रज गेले, त्यांच्याबरोबर गिऱ्हाईक गेलं. फाळणीने लाहोर-कराचीची हॉटेलं पलीकडे राहिली. लाहोरच्या स्टिफल्समध्ये बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईला आले. मग मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आला. नाचघराचा खर्च दारूच्या विक्रीवर चालतो. विक्री थांबली तसे अनेक फ्लोअर ओस पडले आणि सोळा माणसांचे बँड सहा-सात माणसांवर आले.

स्टुडिओत

त्याच सुमाराला, म्हणजे १९५१ मध्ये, तिकडे कॅलोवेचा बँड फुटल्यावर मिल्ट हिंटन न्यूयॉर्कच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत गेला. पुढची काही दशकं बिली हॉलिडेपासून अरीथा फ्रँकलिनपर्यंत असंख्य गायकांच्या मागे त्याचा बेस वाजला. इकडे मुंबईचे वादक सिनेमाच्या स्टुडिओंत गेले. दोन खंडांत एकाच वेळी बिग बँड मोडले आणि त्यांतली माणसं लोकप्रिय गाण्यांच्या पोटात शिरली.

मराठी माणसाने या वळणाकडे विशेष प्रेमाने पाहावं, कारण दार उघडणारे आपलेच होते. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, नागपुरातही संगीत शिकले होते. त्यांनी चिक चॉकलेटला आणि त्याच्या सोबत्यांना जवळ केलं. १९५१ चा ‘अलबेला’ हा सिनेमा काढला तो मास्टर भगवान यांनी. भगवान आभाजी पालव यांचा जन्म १९१३ साली अमरावतीचा, वडील गिरणी कामगार. कापसाचा धागा इथेही सुटत नाही. त्या सिनेमात चिक चॉकलेटचा बँड पडद्यावरही दिसतो. भगवानदादांच्या त्या डुलत्या पावलांवर सारा देश नाचला. ती पावलं स्विंगच्या चालीवर पडतात आणि ती चाल बेसची आहे.

पुढे सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळ लिहू लागले. फ्रँक फर्नांड संगीतकारांचे साहाय्यक झाले, शिवाय ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट त्यांनी काढले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये झेवियर्स कॉलेजच्या चौकात भारतीय रागांवरचा मोठा वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. रागाला खर्जाचा आधार तानपुऱ्याने द्यायचा की बेसने, असले प्रश्न या माणसांनी रोजच्या कामातून सोडवले. संगीतकार चाल द्यायचा आणि गोवेकर साहाय्यक ती लिपीत उतरवायचा. बेसवाल्याच्या पुढ्यात येणारा कागद सगळ्यांत मोकळा असे. तानपुऱ्याचा षड्ज स्थिर असतो, बेसचा सूर मात्र गाण्याखालून सरकत राहतो. एकच ओळ दुसऱ्यांदा आली की तिच्याखालचा खर्ज बदललेला असतो आणि ऐकणाऱ्याला तीच ओळ नवी वाटते.

वऱ्हाडात ही गाणी पोचली ती टूरिंग टॉकीजच्या कर्ण्यातून आणि रेडिओतून. १९५२ पासून नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. रात्री ओसरीवर रेडिओभोवती माणसं जमत. त्या छोट्या स्पीकरमधून बेसचा खालचा सूर खरं तर निघतच नसे. डबल बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते आणि तळहाताएवढा स्पीकर तिथवर उतरत नाही. पण त्या सुराचे वरचे सहस्वर पोचतात आणि आपला मेंदू त्यांवरून मूळ सूर स्वतः भरून काढतो. धामणगावच्या ओसरीवर बसलेला शेतकरी, जिनातला मजूर, स्टेशनवरचा हमाल, सगळ्यांनी तो खर्ज अशा रीतीने ऐकला आणि त्यावर मान डोलावली.

पाहुणे आणि वारस

१९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेकचा चार जणांचा ताफा अमेरिकन सरकारतर्फे भारतात आला. त्यात बेसवर युजीन राइट होता. त्याने आधी स्वतःचा सोळा जणांचा बँड चालवला होता. मुंबईत ब्रुबेकने सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवलं. हाच राइट कृष्णवर्णीय म्हणून त्याच्या देशातल्या दक्षिणेकडच्या कॉलेजांनी पुढे १९६० मध्ये या ताफ्याचे कार्यक्रम नाकारले. राइटला वगळून दुसरा बेसवाला आणा, ही अट ब्रुबेकने मानली नाही आणि पैशावर पाणी सोडलं.

१९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टनचा पूर्ण बिग बँड आला, बेसवर एर्नी शेपर्ड. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडला तेव्हा पियानोवर बिली स्ट्रेहॉर्न बसला आणि कार्यक्रम झाले. पुढे ती फेरी तुर्कस्तानात थांबली, कारण राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. या प्रवासातून एलिंग्टन आणि स्ट्रेहॉर्न यांनी ‘फार ईस्ट सुइट’ रचली.

तोपर्यंत मुंबईतलं वाद्यच बदलू लागलं होतं. लिओ फेंडरने १९५१ मध्ये बाजारात आणलेली बेस गिटार खांद्याला अडकवता येई, ब्रेकव्हॅनची गरज उरली नाही. साठच्या दशकात ती मुंबईच्या स्टुडिओंत रुळली. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत बेस मागून पुढे आला. टोनी वाझ यांच्यासारख्यांच्या बोटांतून गाण्याची सुरुवातच बेसने होऊ लागली. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेला. १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोबी तलावाजवळच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरवली. ज्या भागातल्या कूडांत एकेकाळी कामाची वाट पाहत वादक बसत, तिथेच जगभरचे वादक येऊन वाजवू लागले.

या माणसांचं श्रेय नोंदवण्याचं काम उशिरा सुरू झालं. सिनेमाच्या श्रेयनामावलीत आणि तबकड्यांच्या लेबलांवर वादकांची नावं बहुधा नसत. ग्रेगरी बूथ यांनी आधी आपल्या लग्नांतल्या बँड पार्ट्यांवर पुस्तक लिहिलं आणि २००८ मध्ये मुंबईच्या स्टुडिओ वादकांच्या मुलाखतींवर दुसरं. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२ मध्ये आलं, आणि त्यातले अनेक फोटो वादकांच्या घरांतून आलेले आहेत. हा इतिहास घरोघरच्या अल्बमांत पडून आहे. अकोला-अमरावतीच्या बँड पार्ट्यांतही हेच आहे. पुढच्या क्लॅरिनेटवाल्याचं नाव गावाला पाठ, मागच्या युफोनियमवाल्याचं नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ज्यांच्या घरी बँडचा जुना फोटो असेल त्यांनी घरातली जुनी माणसं आहेत तोवर बसून, डावीकडून उजवीकडे, मागच्या रांगेपासून सुरुवात करून प्रत्येकाचं नाव, गाव आणि वाद्य फोटोच्या पाठीवर लिहावं. मिल्ट हिंटनने जे केलं ते याहून फार वेगळं नव्हतं. आपल्या सोबत्यांचं काम मोलाचं आहे यावर त्याचा विश्वास होता, आणि ते टिपून ठेवण्याची जबाबदारी त्याने दुसऱ्यावर सोडली नाही.